पैसे गेले तर काय, आणि जाऊ नयेत म्हणून काय: दुकानदारांचे आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे जीएसटीचं काम आटोपलं की दुकानदार उठता उठता फोन पुढे करतात, "जरा बघा, हा मेसेज खरा आहे का?" रात्री त्यांच्या मुलांचे, सुनांचे व्हॉट्सॲपवर तेच प्रश्न. पुन्हा पुन्हा आलेले तेवढे इथे एकत्र केले आहेत. ज्यांचे पैसे आत्ताच गेलेत त्यांनी पहिला प्रश्न वाचून फोन लावावा, बाकीचं उद्या वाचलं तरी चालेल.

१. खात्यातून पैसे गेले. आत्ता, या क्षणी काय करू?

१९३० ला फोन लावा. सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा हा देशभर चालणारा क्रमांक आहे. दुसऱ्या फोनवरून घरातल्या कुणाला तरी त्याच वेळी बँकेला फोन करायला सांगा आणि कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करून घ्या. लाइन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरा.

फोनवर विचारतील ते हाताशी ठेवा: आपला खाते क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ, आणि व्यवहाराचा यूटीआर. यूपीआय व्यवहाराच्या तपशिलात तो बारा आकडी क्रमांक असतो. तक्रारीचा पोचक्रमांक मिळेल तो कागदावर लिहा.

घाई का, तर चोराच्या खात्यात पैसे थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून चार खात्यांत, तिथून आणखी दहा खात्यांत, मग एटीएममधून रोख. ते कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. "आधी मुलगा घरी येऊ दे, मग बघू" म्हणून संध्याकाळ घालवणारे मी फार पाहिलेत.

चॅट, नंबर, मेसेज यांतलं काही पुसू नका. राग येतो, लाज वाटते, पण पुरावा तोच आहे.

२. १९३० वर तक्रार झाली. आता पोलीस ठाण्यात जायला हवं का?

हो. १९३० वरची किंवा पोर्टलवरची तक्रार म्हणजे आपोआप एफआयआर नव्हे. गुन्हा कुठेही घडला असला तरी एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, त्यालाच झिरो एफआयआर म्हणतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय आहे. माहिती ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

सोबत बँकेचं स्टेटमेंट, स्क्रीनशॉटच्या प्रिंट आणि पोचक्रमांक न्या. गोठवलेली रक्कम परत मिळवताना अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, आणि तेव्हा हीच कागदपत्रं मागतात.

३. बँक पैसे भरून देते का?

पैसे कसे गेले त्यावर ते ठरतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात याची चौकट घालून दिली, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेगळं परिपत्रक काढलं.

बँकेच्या निष्काळजीपणाने पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेची नाही, तुमचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेतली आहे, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंतचा तोटा तुमचा. नेहमीच्या बचत खात्याला ती मर्यादा १०,००० रुपये आहे. लघुउद्योगांच्या आणि वर्षाची सरासरी शिल्लक २५ लाखांपर्यंत असलेल्या व्यक्तींच्या चालू खात्यालाही तीच, इतर चालू खात्यांना २५,०००. सात दिवस उलटले की बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं.

आता कडू भाग. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. फसलोय हे कळल्यावरही पहिल्या तासात बँकेला सांगण्याचा उपयोग आहे तो यासाठी. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. काउंटरवर "तुम्हीच ओटीपी दिला असणार" असं कुणी म्हणालं, की ते लेखी मागा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही.

४. पैसे मिळवायला पिन टाकावा लागतो का? समोरचा म्हणतो, "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील."

नाही. यूपीआय पिन टाकला की पैसे जातात, किंवा फार तर शिल्लक दिसते. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, आणि स्कॅन करणारा नेहमी देणारा असतो. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची 'रिक्वेस्ट' पाठवायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली आहे ती याच फसवणुकीमुळे. व्यापाऱ्यांकडून येणारी रिक्वेस्ट अजून चालू आहे, तेव्हा नाव वाचल्याशिवाय 'पे' दाबू नका.

५. गर्दीत गिऱ्हाईक पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवून निघून जातं. किती जणांचं तपासणार?

स्क्रीनशॉटचं तपासायचंच नाही, आपल्या खात्याचं तपासायचं. खऱ्या ॲपसारखी दिसणारी बनावट ॲप मिळतात. त्यात दुकानाचं नाव आणि रक्कम टाकली की हिरवी टिकली, टिंग आवाज, सगळं येतं. 'रक्कम जमा' असा मेसेजही साध्या दहा आकडी नंबरवरून पाठवता येतो.

साउंडबॉक्स बोलला नाही तर माल काउंटरच्या आतच राहू द्या. "नेटवर्क नाही हो" असं म्हणणाऱ्यांत बरेच खरेही असतात, तेव्हा आवाज चढवायचं कारण नाही. "दादा, दोन मिनिटं थांबा, आवाज आला की देतो," एवढं पुरतं. चहाच्या दहा रुपयांसाठी हे करू नका. तेलाचा डबा किंवा मोबाइल विकत असाल तर जरूर करा.

दुसरा धोका स्टिकरचा. रात्रीत कुणीतरी तुमच्या क्यूआरवर स्वतःचा क्यूआर चिकटवून जातो, आणि दिवसभराची विक्री त्याच्या खात्यात. सकाळी शटर उघडलं की स्वतःच्या फोनवरून एक रुपया पाठवून बघा. नाव तुमचंच दिसतंय ना, बॉक्स बोलतोय ना. उदबत्ती लावण्याइतका वेळ लागतो. क्यूआर काचेच्या आतल्या बाजूने लावलात तर हा धोका बहुतेक मिटतोच.

६. "आर्मीतून बोलतोय" म्हणून मोठी ऑर्डर येते. खरी असू शकते का?

खडकी, देवळाली, कामठी, अहिल्यानगर अशा लष्करी गावांत सैन्याची खरी खरेदी होते, म्हणून तर हा सापळा चालतो. केटरर, मिठाईवाले, हार्डवेअरवाले, पॅथॉलॉजी लॅब, सगळ्यांना हा फोन येऊन गेलाय. साचा ठरलेला असतो. हिंदी बोलणारा अदबशीर आवाज, दोनशे लाडू किंवा पन्नास थाळ्या, भावाची घासाघीस नाही. व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कँटीनचं कार्ड. तुम्ही माल बांधून ठेवता. मग फोन येतो, "गेटवर गाडी पाठवतोय, पेमेंट आत्ताच करतो, फक्त आमच्याकडे पद्धत वेगळी आहे. आधी तुम्ही एक रुपया पाठवा." तुम्ही पाठवता आणि दोन रुपये खरंच परत येतात! मग म्हणतो, आता पूर्ण रक्कम तशीच पाठवा, दुप्पट येईल.

दोन रुपये परत आले की लोकांचा विश्वास बसतो, तिथेच खेळ संपतो. कुठल्याच सरकारी खात्यात पैसे देण्याची अशी उलटी पद्धत नाही. "माणूस दुकानात पाठवा, आगाऊ रक्कम द्या, मग माल बांधतो," असं सांगा. खरं गिऱ्हाईक येईल, खोटं शिव्या देऊन फोन ठेवेल.

७. नेहमीच्या पुरवठादाराचा मेल आला की बँक खातं बदललंय. नव्या खात्यात पैसे टाकू का?

आधी त्यांना फोन करा, आणि तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको, तुमच्या फोनमध्ये पूर्वीपासून आहे त्याच नंबरवर. चोर पुरवठादाराच्या मेलमध्ये शिरून आठवडाभर नुसता वाचत बसतो. बिल कधी निघतं, शेटजींना कोण काय म्हणतं, सगळं टिपतो. मग अगदी तुमच्याच बिलाच्या तारखेला, त्याच लेटरहेडवर, फक्त खाते क्रमांक बदललेलं पीडीएफ येतं.

आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून बँकांना द्यायला लावली आहे. ते नाव वाचा. फर्मच्या जागी कुणा भलत्याच व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा. मोठ्या रकमेचं पेमेंट एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं, ही सोय जवळपास प्रत्येक बँकेच्या चालू खात्यात असते. नवराबायकोच दुकान सांभाळत असतील तरी ती लावून घ्या. चेकने देत असाल तर ५०,००० रुपयांवरच्या चेकसाठी 'पॉझिटिव्ह पे' मध्ये तपशील आधी बँकेला कळवता येतो.

८. दुकानाचा फोन कामावरच्या पोरांच्या हातात असतो. काय काळजी घेऊ?

पैसे येतात तो फोन आणि पैसे जातात तो फोन वेगळा ठेवा. काउंटरवरच्या फोनला पैसे पाठवायचा पिनच ठाऊक नको. व्यापाऱ्यांच्या बहुतेक ॲपमध्ये कर्मचाऱ्यांसाठी वेगळं लॉगिन असतं, त्यात जमा दिसते पण पैसे काढता येत नाहीत. व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणी लावा. कामगार सोडून गेला की त्याच दिवशी 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी संगणक काढून टाका. हिशेब चुकता करताना हे कुणाच्या डोक्यातच नसतं.

९. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' किंवा 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली आणि चुकून उघडली. आता?

नाव कुठलंही असो, शेवटी 'एपीके' असेल तर ती फाइल म्हणजे ॲप आहे. पत्रिका पीडीएफमध्ये किंवा फोटोत येते, ॲपमध्ये नाही. आणि पाठवणारा तुमचा सख्खा मावसभाऊ असला तरी भरवसा ठेवू नका, त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि पुढचे मेसेज चोरच पाठवतो.

नुसतं डाउनलोड झालं असेल तर फाइल काढून टाका. इन्स्टॉल करून परवानग्या दिल्या असतील, तर ते ॲप तुमचे एसएमएस वाचतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. अनेकदा स्क्रीनवर त्याचं चित्रही दिसत नाही. फोन लगेच विमान मोडवर टाका. वायफायही बंद झालंय ना ते पाहा. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करा. मग फोटो वगैरे काढून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करा. ॲप शोधून काढलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पैसे गेले असतील तर प्रश्न १.

खरं चलान बघायचं तर परिवहन खात्याच्या ई-चलान पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं.

१०. "आज रात्री वीज कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज येतो.

खोटा. महावितरणचे मेसेज कंपनीच्या नावाच्या हेडरवरून येतात, कुणा 'अधिकाऱ्याच्या' दहा आकडी मोबाइलवरून नाही. बिल बाकी आहे का ते महावितरणच्या ॲपमध्ये बघा. 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीच्या लिंकचंही तेच, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन नसेल तर आधार क्रमांक टाकू नका.

११. वडिलांना सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल आला, 'डिजिटल अरेस्ट' म्हणाले. कायद्यात असं काही आहे का?

नाही. व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, जामीन मिळत नाही, आणि "तपासणीसाठी" पैसे कुठल्या खात्यात जमा करायला कुठलंही न्यायालय सांगत नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' मध्ये हा विषय घेतला होता. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सॲपवर देता येत नाही. तरी लोक फसतात. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला तर सर्वोच्च न्यायालयाच्याच नावाचे बनावट आदेश दाखवले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

शिकलेली माणसं कशी फसतात, असं घरचे विचारतात. त्याचं उत्तर त्या कॉलच्या रचनेत आहे. सुरुवात कुरिअरपासून होते: तुमच्या आधारवर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. मग फोन 'पोलिसांकडे' जोडला जातो. मागे पोलीस ठाण्याचा देखावा, टेबलावर तिरंगा. आणि सगळ्यात महत्त्वाची अट: कॅमेरा बंद करायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही, "मुलाला सांगितलंत तर त्यालाही उचलू." निवृत्त मुख्याध्यापक असो की बँक मॅनेजर, आयुष्यभर नियमाने वागलेल्या माणसाला हा धाक जास्त बसतो. एकट्याला खोलीत कोंडलं की बाकी सोपं होतं.

म्हणून तोडायचं ते हे एकटेपण. आई-वडिलांना आजच सांगून ठेवा: "कुणी 'घरच्यांना सांगू नका' म्हणालं की आधी मला फोन करायचा. खरा पोलीस असला तरी मी त्याच्याशी बोलेन." एक परवलीचा शब्द घरात ठरवा. नातवाचा हुबेहूब आवाज काढून "आजोबा, अपघात झालाय, पैसे पाठवा" असे फोनही येतात, तिथे तो शब्द विचारायचा. फोनवरचं यूपीआय थोड्याच पैशांच्या खात्याला जोडा, आणि मोठी ठेव शाखेत गेल्याशिवाय मोडता येणार नाही अशी ठेवा. आणि फसलेच, तर त्यांच्यावर ओरडू नका. पुढच्या वेळी ते तुम्हाला सांगणार नाहीत, आणि चोराला हवं ते तेच.

१२. जीएसटी अधिकारी म्हणून फोन आला, नोटीसही पाठवली. खरी कशी ओळखू?

पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. खरी नोटीस सहसा तिथे दिसते. केंद्रीय खात्याच्या पत्रावर सहसा 'डिन' हा ओळख क्रमांक असतो, तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. दंड कुणाच्या खासगी यूपीआयवर भरला जात नाही, तो चलानानेच भरायचा. जाता जाता: उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. हजार-दोन हजार मागणाऱ्या साइट हुबेहूब तशाच दिसतात.

१३. मी फक्त माल विकला, तरी माझं खातं गोठवलं. माझा काय दोष?

दोष नाही. कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे फिरत फिरत तुमच्या गिऱ्हाइकाच्या खात्यात आले, आणि त्याने त्यातूनच तुमची खरेदी केली. तक्रार झाली की पैसे जिथे जिथे गेले ती खाती थांबवली जातात. चारशे रुपयांपायी चार लाखांचं चालू खातं अडकलेलं मी पाहिलंय. नोटीस परराज्यातल्या पोलिसांची होती.

बँकेकडून लेखी घ्या: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या राज्यातलं ठाणं, किती रक्कम वादातली. मग त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने बिल, डिलिव्हरीची पावती, सीसीटीव्हीचं चित्रण, त्या दिवसाची स्टॉकची नोंद पाठवा. पूर्ण खातं थांबवण्याऐवजी फक्त वादातली रक्कम राखून ठेवा, अशी विनंती बँक आणि पोलीस दोघांना लेखी करा. दाद मिळाली नाही तर न्यायालयात जाता येतं, आणि पुष्कळांना तिथेच दिलासा मिळालाय. "सेटिंग करून सोडवून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसा देऊ नका.

यापुढे क्यूआरची जमा एका खात्यात घ्या आणि पगार-भाडं दुसऱ्यातून द्या. एक अडकलं तरी दुकान चालतं.

१४. "चुकून तुमच्या खात्यात पैसे आले, परत पाठवा" असा फोन आला. खरंच आले असतील तर?

आधी स्टेटमेंट बघा, मेसेज नाही. खरंच आले असतील तरी तो सांगेल त्या नंबरवर पाठवू नका. ते पैसे तिसऱ्याच कुणाचे असू शकतात, मग प्रश्न १३ तुमच्या दारात. स्वतःच्या बँकेला लेखी कळवा आणि त्या माणसाला सांगा, तुझ्या बँकेतून मागणी कर. खरा असेल तर करेल.

१५. कॉलेजातल्या मुलाने मित्राला खातं "वापरायला" दिलं, महिन्याला थोडे पैसे मिळतात म्हणे.

हे सगळ्यात गंभीर आहे. प्रश्न १ मधली ती मधली खाती अशीच उभी राहतात. पोलीस खातेदाराला शोधत येतात, तेव्हा तो मित्र गायब असतो आणि आरोपी तुमचा मुलगा असतो. आजच बँकेत जाऊन खातं आणि कार्ड बंद करा, सिम दिलं असेल तर तेही. वकिलाचा सल्ला घेऊन स्वतःहून पोलिसांना कळवा. मुलाच्या नावावर भलतीच सिम तर नाहीत ना, ते सरकारच्या दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर बघा. अनोळखी दिसली तर तिथेच बंद करायला सांगता येतं.

१६. आठवड्याला टक्क्यांनी परतावा देणाऱ्या योजनेत पूर्ण आळी पैसे टाकतेय. आम्हीच मागे का राहू?

मागे राहा. आठवड्याच्या परताव्याची अशीच योजना चालवणाऱ्या टोरेसचे हप्ते थांबल्यावर तिच्या दादरच्या दुकानासमोर जानेवारी २०२५ मध्ये जमलेले लोकही शेजाऱ्याला वेळेवर पैसे मिळाले म्हणूनच गेले होते. सुरुवातीचे हप्ते मिळतात ते नंतर आलेल्यांच्या पैशातून. सल्लागार किंवा ब्रोकर असेल तर सेबीच्या संकेतस्थळावर त्याची नोंदणी बघा. पैसे अडकलेच असतील तर महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, म्हणजे एमपीआयडी, लागू होतो. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार द्या, आणि मूळ पावत्या कुणाच्या हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या.

१७. बुडालेले पैसे काढून देतो म्हणून एका 'सायबर एक्स्पर्ट'चा फोन आला. माझी रक्कम त्याला अगदी बरोबर माहीत आहे.

माहीत असणारच, त्या टोळीनेच यादी विकलेली असते किंवा तोच टोळीतला असतो. आधी 'प्रोसेसिंग फी', मग 'कर', मग 'न्यायालयाचा खर्च'. त्याचा नंबर संचार साथीवरच्या 'चक्षू'मध्ये, म्हणजे संशयास्पद फोन कळवायच्या सोयीत, कळवा. पैसे दिले असतील तर ही नवी फसवणूक आहे, नव्याने १९३० लावा आणि जुन्या तक्रारीचा पोचक्रमांक सोबत सांगा.